सामायिक लायब्ररीने कोणती हेल्पर फंक्शन्स खुली करावीत?

समजा, एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांची यादी आपल्याकडे आहे आणि तिच्यात प्रत्येक नावाआधी ‘श्री. ’ असे लिहिलेले आहे. तेवढा भाग काढून नुसते नाव वेगळे करायचे आहे. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा नुकतीच शिकलेला माणूस तिच्या मजकूरविषयक फंक्शन्समध्ये, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तयार तुकड्यांमध्ये, शोधू लागतो, तेव्हा त्याला ‘एलस्ट्रिप’ हे नाव दिसते. मजकुराच्या डाव्या बाजूचे नको ते काढून टाकणे हे त्याचे काम. तो त्याला ‘श्री. ’ देतो आणि पहिल्या ओळीवर चालवून पाहतो. ‘श्री. गणेश’चे ‘गणेश’ होते, म्हणून निश्चिंत होऊन तो पूर्ण यादीवर तेच चालवतो. यादीत पुढे मात्र ‘श्री. रमेश’चे ‘मेश’ झालेले असते, ‘श्री. श्रीकांत’चे ‘कांत’, आणि ‘श्री. शरद’चे नुसते ‘द’.

असे होण्याचे कारण असे की एलस्ट्रिप दिलेला मजकूर सलग शब्द म्हणून वाचत नाही. ते त्यातील सुटी चिन्हे घेते, म्हणजे श, पाय मोडण्याचे चिन्ह, र, दुसरी वेलांटी, पूर्णविराम आणि रिकामी जागा. आणि या संचाबाहेरचे चिन्ह आडवे येईपर्यंत डावीकडून जे जे सापडेल ते काढत जाते. रमेशमधला र संचात होता, म्हणून गेला. फंक्शनने नेमून दिलेले कामच केले होते आणि दस्तऐवजातही तसे लिहिलेले आहे. तरीही ही चूक इतक्या जणांच्या हातून इतकी वर्षे होत राहिली की अखेर ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या पायथन ३.९ मध्ये ‘रिमूव्हप्रिफिक्स’ आणि ‘रिमूव्हसफिक्स’ ही दोन नवी फंक्शन्स घालण्यात आली. त्यांपैकी पहिल्याचे आतले काम दोन ओळींचे आहे: मजकुराची सुरुवात दिलेल्या शब्दाने होत असेल तर तेवढ्या लांबीचा भाग कापायचा, नसेल तर मजकूर जसाच्या तसा परत करायचा. दुसरे तेच काम शेवटाच्या बाजूने करते.

कोणीही स्वतः लिहू शकेल असे दोन ओळींचे फंक्शन असंख्य लोकांच्या वापरातील सामायिक लायब्ररीत घालावे की नाही, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात लायब्ररी सांभाळणाऱ्यांचा पुष्कळ वेळ याच प्रश्नावर जातो आणि तो वाया जातो असे मला मुळीच वाटत नाही. या लेखात तो प्रश्न नीट उलगडून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

आधी शब्दांचा अर्थ स्पष्ट करू. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रामांना वापरता यावा म्हणून एकत्र ठेवलेला कोड. तिच्यातील काही फंक्शन्स हे तिचे मूळ काम असते. उदाहरणार्थ, चित्रांच्या लायब्ररीत चित्र उघडणे आणि साठवणे. ती कामे करताना लहान-सहान मदतीची फंक्शन्स लागतात: एखादी संख्या ठरावीक मर्यादेत आणणे, यादीचे गट पाडणे, मजकुराच्या कडेची रिकामी जागा काढणे. यांना हेल्पर फंक्शन्स म्हणतात. लायब्ररीच्या आत ती असतातच. त्यांपैकी कोणती बाहेरच्या प्रोग्रामला नावाने हाक मारून वापरता येतील, हे ठरवणे म्हणजे ती खुली करणे. खुले केलेले फंक्शन दस्तऐवजात येते, त्याच्या चाचण्या लिहिल्या जातात, त्याच्याबद्दल तक्रार करण्याचा हक्क वापरणाऱ्याला मिळतो.

फंक्शन खुले करताना लायब्ररी एक वचन देत असते. हे फंक्शन उद्याही याच नावाने असेल, याच क्रमाने माहिती घेईल, याच स्वरूपात उत्तर देईल, असे ते वचन असते. आणि ते अशा माणसांना दिलेले असते ज्यांची नावे, ज्यांचा कोड आणि ज्यांच्या अडचणी लायब्ररी लिहिणाऱ्याला कधीच दिसणार नाहीत. आतले फंक्शन बदलायचे असेल तर त्याला हाक मारणाऱ्या सगळ्या जागा आपल्याच फायलींत शोधता येतात. खुले फंक्शन कुठे कुठे वापरले गेले आहे हे शोधण्याचा पूर्ण मार्गच नाही. म्हणून आज न दिलेले फंक्शन उद्या देता येते, पण आज दिलेले उद्या काढून घेणे अतिशय अवघड होते. पायथनच्या मानक लायब्ररीतील, म्हणजे भाषेसोबतच मिळणाऱ्या लायब्ररीतील, कालबाह्य झालेले १९ मोड्यूल (तिचे स्वतंत्र भाग) काढून टाकण्याचा प्रस्ताव २०१९ मध्ये लिहिला गेला; ते सर्व प्रत्यक्षात बाहेर पडले ते ऑक्टोबर २०२४ मधील ३.१३ या आवृत्तीत. ज्यांचा वापर उरलाच नाही असे वाटत होते, त्या वस्तू दाराबाहेर ठेवायला एवढी वर्षे लागली.

काही ठिकाणी तर फंक्शनचे नुसते नावही मोकळे राहिलेले नसते. जावास्क्रिप्टमध्ये याद्यांच्या आतील याद्या उलगडून एक सपाट यादी करणारे फंक्शन आणायचे ठरले, तेव्हा त्याचे नाव साहजिकच ‘फ्लॅटन’ असणार होते. पण मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने याच नावाचे स्वतःचे फंक्शन याद्यांच्या मूळ प्रकाराला आधीच चिकटवून ठेवले होते. २०१८ मध्ये फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत नवे फ्लॅटन आले आणि मूटूल्सवर उभे असलेले संकेतस्थळ मोडल्याचे आढळले. बरीच चर्चा होऊन अखेर ते फंक्शन ‘फ्लॅट’ या नावाने २०१९ च्या मानकात आले. त्याआधी ‘कंटेन्स’ या नावाचेही असेच झाले होते आणि त्याच्या जागी २०१६ मध्ये ‘इन्क्लूड्स’ आले. एका लायब्ररीने पूर्वी घेतलेला सोयीचा निर्णय असा संपूर्ण भाषेच्या शब्दसंग्रहात कायमचा उमटून राहिला.

वचन इतके महाग असेल तर ते कोणत्या फंक्शनसाठी द्यावे? माझ्या मते सर्वांत आधी विचारायचा प्रश्न असा की हे फंक्शन दिले नाही तर लोक ते स्वतः लिहितील तेव्हा चुकतील का. किती जण ते वापरतील, हा प्रश्न त्यानंतरचा. यादीतील पहिला घटक काढणारे फंक्शन कदाचित सगळेच वापरतील, पण ते न दिल्याने कोणाचे काही बिघडत नाही, कारण ती एक ओळ कोणीही बरोबरच लिहितो. ‘श्री.’ काढण्याची गोष्ट वेगळी होती. तेथे चुकीचा रस्ता बरोबर रस्त्यापेक्षा सोपा दिसत होता, पहिल्या चाचणीत तो बरोबर ठरत होता, आणि चूक उघड होत होती ती कोणाच्या तरी नावाची मोडतोड झाल्यावर. अशा ठिकाणी दोन ओळींचे फंक्शनही आपली किंमत वसूल करते. त्याचे नावच वाचणाऱ्याला योग्य रस्ता दाखवते आणि कोड तपासणाऱ्यालाही हेतू लगेच कळतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे: या फंक्शनचे बरोबर उत्तर एकच आहे का? पायथनच्या ‘इटरटूल्स’ या मोड्यूलचा इतिहास यासाठी फार बोलका आहे. रेमंड हेटिंगर यांनी लिहिलेले हे मोड्यूल २००३ मध्ये पायथन २.३ सोबत आले. माहितीच्या प्रवाहावर काम करणारी मोजकी, एकमेकांशी जोडता येणारी फंक्शन्स त्यात आहेत. त्याच्या दस्तऐवजात ‘रेसिपीज’ नावाचा एक विभाग आहे. दोन-तीन मूळ फंक्शन्स जोडून बनवलेली उपयुक्त फंक्शन्स तेथे पूर्ण कोडसह छापलेली असतात, पण ती आयात करता येत नाहीत. ज्याला हवे त्याने उतरवून घ्यावे आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलावे. स्वयंपाकघरात रोज लागणारी पातेली मांडणीवर ठेवावीत आणि वर्षातून एकदा करायच्या पदार्थाची कृती वहीत लिहून ठेवावी, तशी ही व्यवस्था आहे.

या वहीतून मांडणीवर आलेल्या दोन फंक्शन्सची तुलना करून पाहावी. ‘पेअरवाइज’ हे शेजारी-शेजारी असलेल्या घटकांच्या जोड्या देते: क, ख, ग दिले तर क-ख आणि ख-ग. सलग दोन दिवसांच्या तापमानातील फरक काढायचा असेल तर हेच लागते. त्याचा दुसरा अर्थ संभवत नाही. घटक दोनपेक्षा कमी असतील तर जोडी होत नाही, एवढेच. ते ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथन ३.१० सोबत आले आणि त्याच्या वागण्याबद्दल फारसे काही ठरवावे लागले नाही. ‘बॅच्ड’ मात्र दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये ३.१२ सोबत आले. लांब यादीचे ठरावीक आकाराचे गट पाडणे एवढेच त्याचे काम आहे, आणि ही गरज इतकी सर्वसाधारण आहे की ते सुरुवातीपासून का नव्हते असे वाटावे. अडचण शेवटच्या गटाची आहे. दहा घटकांचे तीन-तीनचे गट पाडले तर शेवटी एक उरतो. त्याचे काय करायचे?

शंभर-शंभरच्या तुकड्यांनी लघुसंदेश पाठवायचे असतील तर शेवटची तुकडी लहान असली तरी काहीच बिघडत नाही. एका ओळीत तीन याप्रमाणे पत्त्यांच्या चिकटपट्ट्या छापायच्या असतील तर शेवटची ओळ कोऱ्या जागांनी भरून घ्यावी लागते. आणि चित्रातील लाल, हिरवा, निळा अशा तीन-तीन आकड्यांचे गट करायचे असतील, तर शेवटी एकटा आकडा उरणे म्हणजे फाईल बिघडल्याची खूण असते; तेथे गुपचूप पुढे जाणे धोक्याचे, चूक दाखवून थांबणेच योग्य. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. दस्तऐवजातील जुन्या ‘ग्रुपर’ या रेसिपीत भरून घेण्याची पद्धत होती. बॅच्डने शेवटचा गट लहान ठेवण्याची पद्धत स्वीकारली, आणि पुढच्या वर्षी ३.१३ मध्ये ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय जोडला गेला, जो चालू केल्यास अपुऱ्या गटावर चूक दाखवली जाते. भरून घेण्याची पद्धत वहीतच राहिली. मला हा निर्णय आवडतो, कारण भरून घेताना कशाने भरायचे हा पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो आणि त्याचे उत्तर वापरणाऱ्यालाच माहीत असते.

एकच उत्तर नसण्याचे याहून खोल उदाहरण आपल्या लिपीतच आहे, आणि मराठी वाचकाला ते कोणत्याही परक्या उदाहरणापेक्षा लवकर पटेल. ‘मजकुरात अक्षरे किती?’ हे सांगणारे फंक्शन द्यावे, असे कोणालाही वाटेल. ‘मराठी’ या शब्दाची लांबी पायथनला विचारली तर उत्तर ५ येते, कारण म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी हे युनिकोडमधील, म्हणजे जगातील लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकातील, पाच वेगळे संकेत आहेत. स्विफ्ट भाषेत तोच प्रश्न विचारला तर ३ येते, कारण ती वाचणाऱ्याला दिसणारे अक्षर हे एकक धरते. शब्द उलटा करायचा झाला तर फरक आणखी ठळक होतो: संकेतांच्या क्रमाने ‘मराठी’ उलटवले की सुरुवातीलाच निराधार वेलांटी लटकलेली राहते आणि काना ठ ला जाऊन चिकटतो.

मग दिसणारे अक्षर हेच एकक सगळ्यांनी धरावे, असे म्हणावेसे वाटते. पण दिसणारे अक्षर म्हणजे काय, याची व्याख्याही स्थिर राहिलेली नाही. ‘लक्ष्मी’ या शब्दात सात संकेत आहेत. युनिकोडच्या जुन्या नियमांनुसार त्याचे चार तुकडे होत: ल, पाय मोडलेला क, पाय मोडलेला ष, आणि मी. बाराखडी गिरवलेले कोणतेही मूल सांगेल की येथे दोनच अक्षरे आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ ने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी नियम सुधारला आणि जोडाक्षर एकसंध मानले जाऊ लागले. त्यानुसार ‘लक्ष्मी’ची अक्षरे दोन होतात. सुधारणा अत्यंत योग्य आहे आणि ती झाल्याचा मला मनापासून आनंद आहे. पण लायब्ररीच्या बाजूने पाहा: फंक्शनच्या कोडमध्ये काहीही चूक नसताना, जगाच्या व्याख्येत बदल झाल्यामुळे, त्याच शब्दाचे उत्तर चारावरून दोनावर आले. कोणी त्या उत्तराच्या आधारे नावाच्या रकान्याची मर्यादा ठरवली असेल तर काल मर्यादेबाहेर असलेले नाव आज मर्यादेत बसेल.

रस्ट भाषेच्या कर्त्यांनी २०१५ मध्ये १.० ही आवृत्ती येण्याच्या सुमारास नेमका हाच विचार केला असावा असे दिसते. दिसणाऱ्या अक्षरांप्रमाणे मजकूर तोडण्याची सोय त्यांनी मानक लायब्ररीतून काढून एका स्वतंत्र पॅकेजमध्ये ठेवली. मानक लायब्ररीत संकेत आणि बाइट एवढ्यांचीच मोजणी राहिली. ज्याला देवनागरीसारख्या लिपीसाठी अक्षरे मोजायची आहेत त्याने ते पॅकेज घ्यावे आणि त्याची कोणती आवृत्ती आपण वापरतो हे जाणून असावे. याचा तोटाही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे: जे फंक्शन हाताशी असते तेच लोक वापरतात, आणि म्हणून मराठी मजकूर वेलांटीच्या आधीच तोडणारी सॉफ्टवेअर अजूनही भेटतात.

कधीकधी उत्तर एकच असते, पण ते आज देण्याची वेळ नसते. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या गो भाषेच्या १.२१ या आवृत्तीत ‘मॅप्स’ नावाचे नवे पॅकेज मानक लायब्ररीत दाखल झाले. प्रायोगिक विभागात असताना त्यात ‘कीज’ नावाचे फंक्शन होते, जे कोशातील (नावासमोर मूल्य अशा जोड्या साठवणाऱ्या रचनेतील) सर्व किल्ल्यांची, म्हणजे त्या नावांची, यादी बनवून देत असे. त्याला मागणी भरपूर होती, तरी मानक लायब्ररीत येताना ते वगळले गेले, कारण भाषेत लवकरच इटरेटर, म्हणजे यादी न बनवता एकामागून एक घटक पुरवण्याची सोय, येण्याची शक्यता होती आणि ते चांगले नाव त्या सोयीसाठी राखून ठेवायचे होते. ऑगस्ट २०२४ मध्ये गो १.२३ सोबत इटरेटर आले आणि कीज त्या नव्या स्वरूपात परत आले. मधल्या वर्षात लोकांना तीन-चार ओळींचा लूप स्वतः लिहावा लागला. उलट घाईने जुने स्वरूप दिले असते तर दोन नावे, दोन पद्धती आणि ‘यांपैकी कोणते वापरू?’ हा प्रश्न त्या भाषेला कायमचा चिकटला असता.

एवढे वाचल्यावर नकार देणे हेच शहाणपण आहे असे वाटू शकेल. पण नकाराचीही किंमत असते, फक्त ती लायब्ररीच्या बाहेर, इतरांच्या खात्यावर पडते. मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा किंवा शून्ये भरून तो ठरावीक लांबीचा करण्याची सोय जावास्क्रिप्टमध्ये बरीच वर्षे नव्हती. त्यामुळे ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अकरा ओळींचे पॅकेज एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्टच्या पॅकेजेसच्या सामायिक भांडारावर, तयार झाले आणि नकळत असंख्य प्रकल्पांच्या मुळाशी जाऊन बसले. मार्च २०१६ मध्ये त्याच्या लेखकाने एका वादानंतर आपली पॅकेजेस मागे घेतली, तेव्हा त्याच्यावर अवलंबून असलेल्या प्रकल्पांची बांधणी जगभर बंद पडली आणि एनपीएमला ते पॅकेज परत ठेवावे लागले. तीच सोय ‘पॅडस्टार्ट’ या नावाने २०१७ च्या मानकात आली. लोक काय सतत स्वतः लिहीत आहेत किंवा कोठून तरी उचलून आणत आहेत, याकडे लायब्ररीने लक्ष ठेवले पाहिजे. तीच मागणीची सर्वांत खरी नोंद असते.

खुले करण्याचा निर्णय न घेताही फंक्शन खुले होऊन बसते, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. जावामध्ये मेमरीला थेट हात घालणारा ‘अनसेफ’ नावाचा वर्ग केवळ अंतर्गत वापरासाठी होता. तो असुरक्षित असल्याचे तर त्याच्या नावातच लिहिलेले होते. पण त्याच्यापर्यंत पोहोचता येत होते आणि त्याच्याइतका वेग दुसरीकडे मिळत नव्हता, म्हणून मोठमोठ्या लायब्रऱ्यांनी तो वापरला. २०१७ मध्ये जावा ९ ने अंतर्गत भागांभोवती मोड्यूलचे कुंपण घातले तेव्हाही अनसेफसाठी एक दार उघडे ठेवावे लागले, आणि त्याची मेमरीविषयक फंक्शन्स पुढे काढली जाणार आहेत अशी अधिकृत खूण त्यांच्यावर लागली ती २०२४ मध्ये जावा २३ सोबत. गूगलमध्ये काम केलेले अभियंता हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो: वापरणारे पुरेसे वाढले की तुम्ही दस्तऐवजात काय लिहिले आहे याला अर्थ उरत नाही, बाहेरून जे जे दिसते त्यावर कोणी ना कोणी अवलंबून असतेच. पायथनमधील कोशात घटक घातलेल्या क्रमानेच परत मिळणे हा ३.६ मध्ये आतल्या रचनेचा योगायोग होता, ३.७ मध्ये त्याला भाषेच्या वचनाचा दर्जा द्यावा लागला. म्हणून अंतर्गत हेल्पर खरोखर पोहोचेबाहेर ठेवता येत असेल तर ठेवावा. पायथनमध्ये नावाआधी अधोरेखा लावण्याचा संकेत आहे. तो विनंतीवजा असला तरी नसण्यापेक्षा बरा.

या सर्व गोष्टी मोठ्या भाषांच्या वाटतील, पण दहा जणांच्या चमूच्या लायब्ररीतही त्या तशाच घडतात. एका कंपनीत काही वर्षे मी अशी सामायिक लायब्ररी सांभाळली. पायथनची अंगभूत स्वल्पविराम सोय १२,३४,५६७ ही रक्कम १,२३४,५६७ अशी छापते, म्हणून आम्ही लाख-कोटीप्रमाणे स्वल्पविराम देणारे फंक्शन खुले केले. गरज खरी होती. प्रत्येक जण ते स्वतः लिहीत होता आणि ऋण रकमांवर हमखास चुकत होता. मग पावतीसाठी पैसे नकोत असा पर्याय आला. मग रुपयाचे चिन्ह असावे की नसावे. मग देवनागरी अंक. मग हिशेबाच्या पद्धतीने ऋण रक्कम कंसात. मग मोठी रक्कम ‘कोटी’ या शब्दासह. होय-नाही स्वरूपाचे पाच पर्याय म्हणजे बत्तीस प्रकारचे वर्तन, आणि आमच्या चाचण्या होत्या सात. देवनागरी अंक आणि कंस एकत्र मागितल्यावर कंसातला अंक इंग्रजीत छापला जातो, हे आम्हाला एका छापून गेलेल्या अहवालावरून कळले. त्या दिवशीची नामुष्की मी विसरलेलो नाही.

पुढे आम्ही फक्त स्वल्पविराम देणारे फंक्शन ठेवले. ते मजकूर घेते आणि मजकूर देते, त्याला एकही पर्याय नाही. चिन्ह, कंस, अंकांची लिपी हे प्रत्येक चमूने आपल्या जागी जोडावे, आणि त्याची तीन-चार उदाहरणे दस्तऐवजात द्यावीत, असे ठरले. होय-नाहीचा तिसरा पर्याय मागितला जाऊ लागला की येथे एका फंक्शनच्या पोटात अनेक फंक्शन्स दडली आहेत असे मी तेव्हापासून समजतो. आणि ज्याचे नाव ठेवताना ‘आणि’ हा शब्द टाळता येत नाही, त्याचेही तेच.

नकार देताना तो कारणासह लिहून ठेवणे, हे काम मला फंक्शन लिहिण्याइतकेच महत्त्वाचे वाटते. मागणी पुन्हा येतेच, आणि तोवर कारण बदललेले असू शकते. याचे सर्वांत दीर्घ उदाहरण सी भाषेतील ‘एसटीआरएलसीपीवाय’ या फंक्शनचे आहे. मजकूर एका जागेतून दुसऱ्या जागेत उतरवताना जागेची मर्यादा ओलांडली जाऊ नये, यासाठी ते १९९८ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आले. बहुतेक लिनक्स प्रणालींवर वापरल्या जाणाऱ्या जीलिबसी या सी भाषेच्या मानक लायब्ररीने ते घेण्यास नकार दिला. मजकूर मावला नाही तर तो निमूटपणे कापला जातो आणि एक चूक झाकून दुसरी होते, हा आक्षेपाचा मुख्य भाग होता. आक्षेप निराधार नव्हता. पण लोकांना ते फंक्शन हवेच होते, म्हणून अनेक प्रकल्पांनी त्याची आपापली प्रत बाळगली. अखेर ते पॉझिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमविषयक मानकात येणार हे स्पष्ट झाल्यावर २०२३ मध्ये जीलिबसी २.३८ ने ते स्वीकारले, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

आणि त्याच सुमारास लिनक्स कर्नलने, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याने, ज्याच्याकडे या फंक्शनची स्वतःची प्रत २००३ पासून होती, ते काढून टाकले. ते स्रोत मजकुराची पूर्ण लांबी उत्तरादाखल देते आणि त्यासाठी मजकूर शेवटपर्यंत वाचते. मजकुराच्या शेवटाची खूणच नसेल तर ते पुढे वाचतच राहते. कर्नलमध्ये २०१५ पासून ‘एसटीआरएससीपीवाय’ हा अधिक सुरक्षित पर्याय होता. जुन्या फंक्शनला हाक मारणाऱ्या जागा एकेक करून नव्याकडे वळवण्यात आल्या आणि मार्च २०२४ मध्ये आलेल्या ६.८ या आवृत्तीत जुने नाव उरले नाही. हे शक्य झाले, कारण कर्नलच्या आतील फंक्शन्सच्या स्थैर्याचे वचन कर्नलने कोणालाच दिलेले नाही आणि त्यांना हाक मारणाऱ्या जागा बहुतांशी त्याच्या स्वतःच्या कोडमध्येच आहेत. जीलिबसीला ही मुभा नाही. तिच्यावर उभे असलेले प्रोग्राम कोणकोणत्या यंत्रांवर चालू आहेत हे तिला दिसत नाही, म्हणून २०२३ मध्ये आत आलेले ते फंक्शन आता तिला सांभाळत राहावे लागेल.